डब्यावरचा तो रंगीत त्रिकोण कशाचा हो, साहेब?

फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात फवारणीवर बैठक होती. पारावर पन्नासएक माणसे. मी तासभर बोललो. ‘काही शंका?’ म्हणून विचारले तर सगळे गप्प. चहा झाला, माणसे पांगली, मी गाडीला किक मारणार तेवढ्यात एक गृहस्थ मागून आले. वय साठीच्या घरात, चांगले बागायतदार, गावात चार माणसे ज्यांचा सल्ला घेतात असे. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “साहेब, हसणार नसाल तर एक इचारतो. औषधाच्या डब्यावर तो रंगीत तिरकोन असतो, तो कशाचा हो?”

त्यांचा समज असा, की लाल त्रिकोण लाल कोळीसाठी आणि हिरवा हिरव्या बोंडअळीसाठी. तीस वर्षे फवारतोय, आता या वयात कोणाला विचारायचे?

तेव्हा आधी तेच सांगतो. तो रंग किडीचा नव्हे, तर औषध माणसाला किती विषारी आहे त्याचा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यावर कवटीचे चित्रही असते. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे बरं का! बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका वेगळा, हा वेगळा. आणखी एक समज मला बऱ्याच ठिकाणी भेटला : लाल म्हणजे ‘कडक’ औषध, कीड लवकर मरते. कीड मरणे-न मरणे त्या रंगावर नाही. लाल डबा महाग पडतो तो तुमच्या अंगाला.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषधांचे मिश्रण, अंगावर साधा सदरा, कारणे अनेक होती. आपल्याकडे वैजापूर, सिल्लोडला तरी वेगळे काय चालते? बादलीत औषध ओतून घरची बाईमाणसे हातानेच ढवळतात. नोझल तुंबले की तोंडाने फुंकतात. डब्यासोबत एक घडीचे पत्रक येते, ते आपण बांधावर फेकून देतो. विषबाधेची लक्षणे काय आणि उतारा कोणता, हे त्याच पत्रकावर असते. फवारताना कोणाला चक्कर आली, उलटी झाली, घाम सुटला तर फवारणी थांबवा, अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात नेताना डबा व पत्रक सोबत न्या. ‘कसलं तरी औषध होतं’ एवढ्यावर डॉक्टर उपचार कसा करणार?

आता मी त्या गृहस्थांना का हसलो नाही ते सांगतो. मी कृषी पदविका घेतलेला माणूस. पावसाचे मिलिमीटर वर्षानुवर्षे लिहिले, वर पाठवले. एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, “एक मिलिमीटर म्हणजे माझ्या एकरात पाणी किती पडलं?” मला सांगता येईना! काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि घरी येऊन कागदावर हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एकरात साधारण 4,047 चौरस मीटर, म्हणजे एकरी चार हजार लिटर. तीन मिलिमीटर झाला की बारा हजार लिटरचा एक टँकर एकरात रिकामा झाला समजा. चोवीस तासांत मंडळात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तो हिशेब एकरी बावीस टँकरच्या आसपास जातो. बाबांना पुढच्या फेरीत जाऊन सांगितले. ते म्हणाले, “मंग त्याच दिवशी म्हणायचं ना, माहीत नाही म्हणून.”

सातबाऱ्यावरच्या क्षेत्राची तर मोठीच गंमत आहे. 1.20 लिहिलेले असले की पुष्कळजण ते एक एकर वीस गुंठे वाचतात. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. 1.20 म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकराला जेमतेम दीड गुंठा कमी. दीड एकर आणि तीन एकर, फरक बघा! हाच घोळ खताच्या शिफारशीत. शिफारस असते हेक्टरी, आपण टाकतो एकरी, म्हणजे अडीचपट. आणि ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी मंडळींना (ग्रामसेवक आणि तलाठी ही नावे 2024 साली बदलली, तोंडातून जुनीच येतात) एक विनंती : शेतकऱ्याने फॉर्मवर आकडा लिहिला की एकर का हेक्टर एवढे एकदा विचारून घ्या.

खताच्या गोणीचे थोडक्यात. 10:26:26 हे नत्र, स्फुरद, पालाश यांचे शेकडा प्रमाण, याच क्रमाने. पन्नास किलोच्या गोणीत पाच किलो नत्र, तेरा स्फुरद, तेरा पालाश. डीएपी 18:46, त्यात पालाश अजिबात नाही. नुसता डीएपी टाकून ‘सगळं खत दिलं’ म्हणणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे.

बीटी कपाशी आपल्याकडे 2002 पासून आली. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची पुडी यायची, ती कडेने लावायची होती. कोणी फेकून दिली, कोणी नांग्या भरायला वापरली. त्या झाडांवर वाढलेले पतंग बीटी पचवणाऱ्या पतंगांशी जुळावेत आणि अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढू नये, म्हणून ती पुडी. 2017 सालीच गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. तिचे हेच एक कारण नव्हते, पण हेही होते. यात दोष निम्मा आम्हा सांगणाऱ्यांचा. ‘कडेने लावा’ म्हणालो, कशासाठी ते नीट सांगितले नाही. अलीकडे ते बियाणे त्याच पाकिटात मिसळून देतात.

ते फुलंब्रीचे गृहस्थ मध्यंतरी पुन्हा बैठकीला आले. या वेळी पुढे बसले आणि चारचौघांत मोठ्याने विचारले, “साहेब, सातबाऱ्यावर पोटखराबा लिहितात, तो काय भानगड?” मागच्या ओळीतल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. गटातले जे क्षेत्र लागवडीला येत नाही ते पोटखराबा. खडक, खळे असे असेल तर ‘अ’, आणि रस्ता, नाला असे सार्वजनिक वापराचे असेल तर ‘ब’. इतके सांगून होते न होते तोच मागून आवाज आला, “आणि आठ-अ म्हणजे?” तुमच्या नावावर त्या गावात जेवढी जमीन आहे, तिचा एकत्र उतारा. त्या दिवशी घरी पोचायला मला रात्रीचे नऊ वाजले.