ठिणगीची वेळ

महाळुंगे गांवाजवळून चाकण–तळेगांव रस्त्यानें धांवणाऱ्या वाहनांच्या गर्दींत अजून एखादी जुनी मारुती व्हॅन दृष्टीस पडते. १९८४ सालीं सुरू झालेलें व पुढें ओम्नी नांवानें चाललेलें हिचें उत्पादन २०१९ सालीं बंद झालें. अशी गाडी चौकांत थांबतांच थरथरूं लागते, आणि अवजड ट्रकांच्या मध्यें बंद पडली तर आंतील मुलांच्या जिवास धोका असतो. ह्या दोषाचें एक कारण, म्हणजे ठिणगीची चुकलेली वेळ, आम्ही येथें समजावून देऊं इच्छितों.

सिलिंडरांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें आणि प्लगची ठिणगी त्यास पेटविते. परंतु ज्वाला पसरण्यास थोडा अवधि लागतो. यास्तव दट्ट्या माथ्यास पोहोंचण्यापूर्वींच ठिणगी पडावी लागते. समजा, यंत्राचा मुख्य दांडा मिनिटास ९०० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदास १५ फेरे, अथवा ५,४०० अंश. ठिणगी १० अंश आधीं पडत असेल, तर ती अवघी १/५४० सेकंद आधीं पडते! तिला उशीर झाला, तर जळणाचा जोर व्यर्थ जातो आणि यंत्र मंद गतींत अडखळतें; ती फार लवकर पडली, तर चढावर ठोके ऐकूं येतात व यंत्रास इजा पोहोंचते.

पुष्कळ लोक अशा वेळीं कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून गति वाढवितात. त्यानें दोष झांकला जातो, जात नाहीं. योग्य क्रम असा: प्रथम प्लग, वायरी व हवेच्या रबरी नळ्या तपासाव्या, नळी फुटली असल्यास टायमिंग फिरवून उपयोग नाहीं. नंतर डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांचें अंतर जुळवावें, कारण तें बदललें कीं ठिणगीची वेळहि बदलते. मग यंत्र गरम होऊं द्यावें, गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलें असल्यास व्हॅक्यूमची नळी काढून तिचें तोंड बंद करावें, आणि टायमिंग लाइटचा प्रकाश फिरत्या चक्रावरील खुणेवर पाडावा. हा दिवा पहिल्या प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकतो, म्हणून फिरती खूण स्थिर दिसते. ती पुस्तिकेंतील अंशावर नसेल, तर डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट ढिला करून तो किंचित् फिरवावा. त्याचा दांडा मुख्य दांड्याच्या निम्म्या गतीनें फिरतो. म्हणून येथें १ अंश फिरविल्यास तेथें २ अंशांचा फरक पडतो. बोल्ट आवळून खूण पुन्हां पाहावी, नळी जोडावी, आणि मंद गतीचा स्क्रू सर्वांत शेवटीं जुळवावा.

हें काम जाणत्या मिस्त्रीनें मोकळ्या हवेंत करावें. बंद जागेंत धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु प्राणघातक ठरतो.

आजच्या पेट्रोल मोटारींत ठिणगीची वेळ संगणक ठरवितो. जुन्या गाडींत ती माणसासच पाहावी लागते. ज्या पालकांचीं मुलें अशा व्हॅननें शाळेस येतात, त्यांनीं चालकास इतकेंच विचारावें: नुसता स्क्रू पिळला, कीं टायमिंगहि पाहिलें? आणि विद्यार्थ्यांनीं वरील हिशेब पुढें नेऊन, डिस्ट्रिब्यूटर १ अंश चुकल्यास ठिणगी किती सेकंद चुकते, हें स्वतः काढून पाहावें.