विश्लेषण : गेम हरतो मोबाइलवर, राग निघतो घरच्यांवर… असे का?

रात्रीचा एक वाजला आहे. वसतिगृहाच्या खोलीत ‘बीजीएमआय’चा सामना रंगात आलेला. शंभरातून जेमतेम दहा-बारा खेळाडू उरले आहेत, चौघांचा संघ अजून शाबूत आहे आणि नेमका घरून फोन येतो. पडद्यावर आईचे नाव झळकते, खेळ अडकतो आणि तेवढ्या दोन सेकंदांत विरोधी खेळाडू डाव साधतो. मग आईवर ओरडणे होते, फोन गादीवर आपटला जातो, खोलीतल्या जोडीदाराशी वाजते. दहा मिनिटांनी त्याच मुलाला स्वतःचीच लाज वाटते. महाविद्यालयीन मुलांच्या घरी आणि वसतिगृहांत हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. ‘गेममधल्या मारामारीमुळे पोरे बिघडली’ हा पालकांचा निष्कर्ष मात्र पुरता बरोबर नाही.

हिंसक खेळ हेच कारण?

या प्रश्नावर संशोधकांमध्ये अनेक वर्षे वाद आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका नव्याने मांडली. हिंसक व्हिडीओ गेममुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. मात्र ओरडणे, ढकलाढकली अशा आक्रमक वर्तनाशी त्यांचा छोटा, पण सातत्याने दिसणारा संबंध आहे, असे या संस्थेने म्हटले. ऑक्सफर्डच्या संशोधकांना २०१९ मध्ये ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत असा संबंधही आढळला नव्हता. थोडक्यात, आईवर ओरडण्याचे खापर बंदुकीवर फोडणे सोपे, पण अपुरे आहे.

मग राग येतो कुठून?

याचे उत्तर एका साध्या प्रयोगात सापडते. ऑक्सफर्ड आणि रोचेस्टर विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी बर्फासारख्या थंड पाण्यात २५ सेकंद हात धरायला लावला. मग काहींना सोपा, तर काहींना मुद्दाम अवघड केलेला ‘टेट्रिस’ खेळायला दिला. पुढच्या विद्यार्थ्याने किती वेळ हात बुडवून ठेवावा, हे त्यांनीच ठरवायचे होते. अवघड खेळाने वैतागलेल्यांनी सरासरी दहा सेकंद जास्त सांगितले. टेट्रिसमध्ये ना बंदूक, ना रक्त, नुसते ठोकळे. आपल्याला जमायला हवे ते जमत नाही, ही भावनाच माणसाला दुसऱ्याशी कठोर वागायला लावते.

मोबाइलवरील स्पर्धात्मक खेळांत ही भावना जागोजागी भेटते. सामना सुमारे अर्धा तास चालतो आणि मध्ये थांबवता येत नाही. शंभरातले बहुतेक जण हरणारच असतात. महिनाभर रात्री जागून मिळवलेली ‘रँक’ नव्या हंगामात खाली येते. मध्येच उठावे तर मित्रांचा डाव बुडतो आणि शिव्या हेडफोनमधून थेट कानात पडतात. त्यात वसतिगृहाचे वायफाय! कौशल्य असूनही ‘पिंग’ वाढल्यामुळे हरणे हे सर्वांत जिव्हारी लागते. अशा अवस्थेला खेळाडूंच्या भाषेत ‘टिल्ट’ म्हणतात. चिडलेला खेळाडू थांबत नाही, हरलेले परत मिळवण्यासाठी लगेच पुढचा सामना लावतो आणि आणखी वाईट खेळतो.

आवेग आधी की गेम आधी?

भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. त्यात झोप कमी पडली की लगाम आणखी सैल होतो. यूपीआयवरून क्षणात होणारी ‘यूसी’ची खरेदी हे त्याच आवेगाचे दुसरे रूप. पण उलटेही खरे असू शकते. मुळात उतावळी, परीक्षेच्या किंवा एकटेपणाच्या ताणाखालची मुलेच अशा खेळांकडे जास्त ओढली जातात. म्हणून राग दिसला की फक्त ‘स्क्रीन टाइम’ मोजणे पुरेसे नाही.

विकार केव्हा म्हणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ‘गेमिंग विकार’ आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला प्राधान्य देणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे. ती साधारणपणे बारा महिने दिसावी लागतात. शिक्षण, नाती यांवर ठळक परिणामही व्हावा लागतो. एका रात्रीची चिडचिड यात बसत नाही.

नियम काय करतात?

‘पबजी मोबाइल’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. २०२१ मध्ये आलेला ‘बीजीएमआय’ २०२२ मध्ये हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. तेव्हा अल्पवयीनांना दिवसाला तीन, तर इतरांना सहा तासांची मर्यादा घालण्यात आली. अठरा ओलांडलेल्या विद्यार्थ्याला सहा तास म्हणजे मोकळे रानच. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घालतो. रँकसाठी रात्र जागवणाऱ्याला तो अडवत नाही.

घरी, खोलीवर काय करावे?

सामना सुरू असताना फोन हिसकावणे किंवा वायफाय बंद करणे हा सर्वांत वाईट मुहूर्त. ‘हा सामना संपला की बंद’ हे आधी ठरलेले असेल, तर वादाचे निमित्तच कमी होते. सलग दोन सामने हरल्यावर उठायचे, हा नियम मुलांनी स्वतःच स्वतःला घातलेला बरा. झोपेच्या वेळी फोन खोलीबाहेर ठेवणे सांगायला सोपे, वसतिगृहात अवघड. तिथे निदान रात्री बारानंतर ‘रँक’चा सामना नको, एवढे खोलीतल्या जोडीदारांना आपापसांत ठरवता येते. मारहाण, वस्तूंची मोडतोड, वर्गाला सतत दांडी किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा दिसू लागली, तर वाट पाहू नये. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून ‘शट’ हे खास उपचार केंद्र आहे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते. हा फोन विद्यार्थी करू शकतो, तसेच त्याच्या रागाला घाबरलेले आईवडीलही.