परसातला झोका : पैसे कुठे घालावेत?

मुलांसाठी झोका घ्यायचा ठरला की घरात चर्चा सुरू होते ती बैठकीच्या रंगाची आणि सोबत घसरगुंडी हवी की नको याची. पैसे मोजके असतील तर हे सगळं मागे ठेवावं. आधी पैसा जावा वरच्या आडव्या पाइपवर, त्याच्या सांध्यांवर आणि जमिनीत गाडल्या जाणाऱ्या भागावर. बैठक पुढच्या वर्षीही बदलता येते, पाया बदलता येत नाही.

झोक्यावर जोर कसा येतो ते नीट समजून घेतलं तर बाकीचे निर्णय सोपे होतात. ३० किलोचं मूल नुसतं बसलं असेल तर साखळ्यांवर ३० किलोचाच भार असतो. पण झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत चढला, तर खालून जाताना हाच भार दुप्पट होतो. साखळी पार आडवी होईल इतका चढला तर तिप्पट, म्हणजे ९० किलो. आता त्यावर ७० किलोचा मोठा माणूस बसला असं धरा, आकडा २१० किलोवर जातो. आणि मोठी माणसं बसतातच. खानदेशात आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर बसतात, इतरत्र नागपंचमीला. म्हणून हिशोब मोठ्यांच्या वजनाचा करावा, मुलांच्या नव्हे.

दुसरा जोर आडवा असतो, आणि बहुतेकांचं लक्ष तिकडे जात नाही. झोका ज्या बाजूला जातो त्या बाजूला तो वरचा पाइप ओढतो. ६० अंशांच्या झोक्यात ही ओढ बसणाऱ्याच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते, आणि दर फेरीत दिशा बदलते. सांगाड्याचे पाय उभ्या रेषेपासून साधारण १८ अंश कललेले असतात. साखळी त्याहून जास्त कलली की पलीकडच्या बाजूचा पाय वर उचलला जाऊ पाहतो. तयार मिळणारे हलके संच नुसते जमिनीवर ठेवले की थाडथाड नाचतात, ते यामुळेच. तेव्हा पाय जमिनीत पक्के हवेत, यात तडजोड नको.

तयार संच घ्यायचा असेल तर एक पाय हाताने उचलून बघा, पत्रा पातळ आहे की जाड ते लगेच कळतं. पण गावात किंवा तालुक्याला चांगला वेल्डर असेल तर त्याच्याकडून करून घेणं मला जास्त पटतं. सांगाडा सोपा आहे : दोन्ही टोकांना उलट्या व्हीसारखे दोन-दोन पाय आणि वर आडवा पाइप. आडवा पाइप २ इंची जीआय, मध्यम वर्गाचा म्हणजे निळ्या पट्टीचा घ्यावा. पिवळ्या पट्टीचा हलका असतो, तो नको. दीड इंची पाइप आडव्यासाठी घेऊ नका. दोन टोकांच्या पायांमध्ये ८ फुटांचं अंतर असेल आणि मोठा माणूस जोरात झुलला, तर हा पाइप वाकू शकतो. पायांसाठी मात्र दीड इंची पुरतो. पाइप २० फुटी येतो, त्यामुळे दोन पाइपांत १० फुटांचे चार पाय बरोबर बसतात, वाया काही जात नाही. प्रत्येक जोडीला मध्यावर एक आडवा तुकडा वेल्ड करावा. हा सगळा सांगाडा साठ-बासष्ट किलोंचा होतो. वेल्डर किलोवर दर सांगतात, म्हणून वजन माहीत असलं की हिशोब तुमच्या हातात राहतो. बोअरमधून काढलेले जुने जीआय पाइप मिळाले तर खर्च आणखी उतरतो. फक्त कापलेल्या तोंडाशी जाडी बघा, आतून गंज खाल्लेला घेऊ नका आणि आटे पाडलेला भाग कापून टाका.

झोका एकच लावा. दोन लावायचे तर आडवा पाइप १० फुटी आणि जाड, लाल पट्टीचा लागतो, कारण दोन झोक्यांत दोन फूट आणि पायांपासून अडीच फूट जागा सुटली पाहिजे. वेल्डिंग करताना जस्ताचा थर जळतो. त्याचा धूर छातीला वाईट, म्हणून काम उघड्यावर करावं आणि मुलांना लांब ठेवावं. जिथे थर जळला तिथे आधी रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंटचे दोन हात. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज याच जागांपासून सुरू होतो.

आता खड्डे. प्रत्येक जोडीतल्या दोन पायांमध्ये जमिनीवर पाच फूट अंतर धरा. प्रत्येक खड्डा एक फूट लांब-रुंद आणि सव्वादोन फूट खोल, तळाशी तीन इंच खडी. पायाच्या खालच्या टोकाला फूटभर सळई आडवी वेल्ड केलेली असावी, म्हणजे काँक्रीट तिला धरून ठेवतं. परसात काळी माती असेल तर सव्वादोन फुटांवर थांबू नका. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्याबरोबर पायाही हलतो. मुरूम लागेपर्यंत खाली जा. कोकणातल्या जांभ्याला खणायला कष्ट पडतात, पण एकदा बसलेला पाय तो सोडत नाही.

सांगाडा उभा करून आडव्या पाइपवर लेव्हल ठेवा, ओळंबा सोडा, आणि बांबूचे टेकू देऊन मगच १:२:४ चं काँक्रीट भरा. चार खड्ड्यांना सिमेंट साधारण दीड गोणी लागतं. पृष्ठभाग पाइपभोवती थोडा उंच, बाहेरच्या बाजूला उतरता करा, म्हणजे पाणी साचणार नाही. सात दिवस पाणी मारा. तोवर झोका टांगूच नका, कारण टांगलेला झोका कोणतंच मूल मोकळा सोडत नाही.

टांगण्याच्या जागी नुसता हुक आणि कडी असली की लोखंडावर लोखंड घासून झिजतं. बेअरिंग किंवा बुश बसवलेली कडी थोडी महाग पडते, पण हा खर्च करावा. दोर नको. नायलॉन उन्हात कमकुवत होतं आणि ते बाहेरून लवकर दिसत नाही. ८ मिलिमीटरची जीआय साखळी घ्या, आणि हात धरण्याच्या उंचीवर तिच्यावरून बागेच्या पाइपचा तुकडा ओवा, म्हणजे बोटं चिमटत नाहीत. बैठक लाकडी फळीची नको, रबरी पट्ट्याची घ्या. सहा फुटी साखळीचा झोका ६० अंशांवरून खाली येतो तेव्हा वेग ताशी सुमारे १५ किलोमीटर असतो, आणि समोर धावत आलेल्या लहानग्याच्या डोक्याला फळीची कड लागते.

जागेचा विचार खरं तर सगळ्यात आधी करायचा. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची शिफारस अशी की आडव्या पाइपच्या उंचीच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढंच मागे, मऊ आणि मोकळं असावं. आपला पाइप साधारण साडेसात फुटांवर येतो, म्हणजे दोन्हीकडे १५ फूट. इतकी जागा नसेल तर सांगाडा बुटका करा. कुंपण, विहिरीचा कठडा, धुण्याचा दगड यांच्या रेषेत झोका नकोच. खाली फरशी किंवा कोबा असेल तर तिथे लावू नका. हिरवळ आणि चोपलेली माती पडणाऱ्याला फारशी वाचवत नाही. नऊ इंच वाळूचा थर साधारण चार फुटांवरून पडण्यापर्यंत आधार देतो, लाकडाच्या ढलप्यांचा त्याहून बराच जास्त.

चिंचेची जाड फांदी असेल तर हा सगळा खर्चच वाचतो. शेवगा आणि गुलमोहर मात्र वर्ज्य, त्यांच्या फांद्या अचानक मोडतात.

झोका लागला की महिन्यातून एकदा कड्या, नट आणि जमिनीलगतचा पाइप बघा, आणि पावसाळा संपल्यावर तर नक्कीच. कडी एक तृतीयांश झिजलेली दिसली की ती त्याच दिवशी बदला, आणि नवी येईपर्यंत झोका उतरवून ठेवा.