रात्री दीडचा पाहुणा

चोर घरात शिरला की भांडे पडते, कुत्रे भुंकते, निदान कडी तरी वाजते. आमच्याकडे फक्त एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

रात्री दीडला पाणी प्यायला उठलो. घर झोपलेले, सर्वांचे फोन बंद. संगणक तेवढा माझ्या आळसापायी चालू. आणि राउटरचा दिवा पाहावा तर लग्नघरच्या रोषणाईसारखा! एवढ्या रात्री कोण कुणाशी बोलत होते?

संशय अर्थातच भाच्यावर गेला. शिक्षणासाठी आमच्याकडे राहिलेला, रात्रीचा दिवस करून खेळ खेळणारा मुलगा. दुसरा आरोपी शोधायचा कशाला? सकाळी चहाबरोबर त्याला चार शब्द सुनावले. तो एवढेच म्हणाला, "मामा, आधी नेटस्टॅट लावून बघा."

नेटस्टॅट ही विंडोजच्या काळ्या खिडकीत द्यायची आज्ञा. तिच्यापुढे ए-एन-ओ ही अक्षरे जोडली, की आपला संगणक कोणत्या पत्त्याशी, कोणत्या पोर्टवरून बोलतो आहे आणि आतला कोणता प्रोग्रॅम बोलतो आहे, त्याचा क्रमांक मिळतो. यादी पाहून माझी गाळण उडाली. पुढे कळले, की १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे संगणकाचे स्वतःशीच पुटपुटणे. ४४३ म्हणजे कुलूपबंद संभाषण. बँकही त्यावरूनच बोलते आणि लबाडही. ७६८० दिसताच 'सापडला!' म्हणून ओरडलो, तर ती विंडोजच्या सुधारणांचे तुकडे संगणकांनी एकमेकांना देण्याची सोय निघाली. साधा शेजारधर्म!

एक जोडणी मात्र पिच्छा सोडीना. ब्राउझर बंद केला तरी मिनिटामिनिटाला तोच परका पत्ता. तिचा क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये शोधला, तर नाव 'एसव्हीसीहोस्ट'. हे तर विंडोजच्या घरचे माणूस! त्या नावाच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू असतात, म्हणूनच सोंग घेणाऱ्याला ते नाव सोयीचे. भाच्याने फाइलचे ठिकाण उघडायला लावले. खऱ्याचे बिऱ्हाड सिस्टिम-३२ या फोल्डरात असते. हे महाशय माझ्याच खात्याच्या ॲपडेटा नावाच्या अडगळीत पथारी टाकून होते.

तार उपटली. बँकेचा पासवर्ड फोनवरून बदलला. त्या संगणकावरून बदलणे म्हणजे चोरासमोरच तिजोरीचे आकडे फिरवणे. पैसे शाबूत होते. गेले असते तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवायचा, हेही भाच्यानेच सांगितले. विंडोज मुळापासून नव्याने बसवायचे ठरले.

पण त्याआधी फाइलची तारीख पाहिली. गणपतीचा तिसरा दिवस. तेव्हा भाचा माझ्या बहिणीकडे कोल्हापुरात होता. तारीख खोटी लावता येते, हे खरे. परंतु त्याच मिनिटाची आणखी एक फाइल डाउनलोडमध्ये पडली होती. परवाना चुकवून मी फुकट उतरवलेला मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम! 'बसवताना अँटिव्हायरस बंद करा' ही त्याची सूचनाही मी आज्ञाधारकपणे पाळली होती.

भाच्याने तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"मामा," तो म्हणाला, "या वेळी परवाना विकत घेऊ या का?"