तालमीचा फुटबॉल

आमच्या कुहीत धान कापून झालं की रिकाम्या बांधीत पोरं फुटबॉल खेळतात. ती पाहिली की मला कोल्हापूर आठवतं. तिथले कितीतरी संघ आजही तालमीचंच नाव लावतात: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांत तालमी फोफावल्या. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणून शाहू स्टेडियमवर दोन संघांआडून दोन पेठा भिडतात.

लीग ही शिडी असते. वरच्या गटात तळाला राहिलेला संघ खाली उतरतो, खालच्या गटातला विजेता वर चढतो. आइसलँडमध्येही हीच रीत. लहान लहान गावांचेही क्लब या शिडीवर आहेत. २०१६ च्या युरो स्पर्धेत सुमारे सव्वातीन लाख वस्तीच्या या देशाने इंग्लंडला २-१ असं हरवलं.

पण शिडी चढतो तो संघ, एकटा पोरगा नव्हे. बांधीतल्या पोराला पहिल्या पायरीसाठी नागपूर गाठावं लागतं आणि परतीच्या गाडीसाठी सराव अर्धा सोडावा लागतो. पोरं आहेत, खेळ आहे. संघाला आपलं म्हणणारी पेठ तेवढी आम्हाला उभी करायची आहे.