मागे राहिलेलीला कुणी विचारलं?

मैत्रिणींनो, घरधनी परमुलखात कामाला गेला की ‘किती पाठवतो?’ असं गावभर विचारतात. मागे राहिलेलीनं घर कसं ओढलं, हे कोण विचारतं?

महायुद्धात अमेरिकेला शेतीसाठी माणसं मिळेनात. म्हणून १९४२ साली मेक्सिकोशी करार झाला आणि तिकडचे पुरुष ठरावीक मुदतीच्या मजुरीवर येऊ लागले. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. म्हणजे बोलावले ते नुसते हात! १९६४पर्यंत असे सुमारे ४६ लाख करारनामे झाले. (एकच माणूस अनेकदा जाई, बरं का, तेव्हा माणसं तेवढी नव्हेत.)

सरहद्दीवर कपडे उतरवून तपासणी व्हायची, अंगावर डीडीटी मारायचे. लेनर्ड नाडेल यांनी १९५६ साली काढलेल्या फोटोंत हे दिसतं. शेतात आखूड दांड्याची कुदळ, त्यामुळं कंबर दिवसभर वाकलेली. कॅलिफोर्नियात या कुदळीवर बंदी आली ती १९७५ साली.

पण फोटोतला माणूस बोलत नाही ना! म्हणून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयानं एल पासो इथल्या टेक्सास विद्यापीठाच्या आणि इतरांच्या मदतीनं म्हाताऱ्या झालेल्या ब्रासेरोंना गाठलं. शेकडो मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. २००९ साली ‘कडूगोड सुगी’ अशा अर्थाच्या नावाचं प्रदर्शनही मांडलं. शाळेत मी इतिहास शिकवते तेव्हा फळ्यावर सन आणि करारच येतात. त्यातला माणूस असा समोर बसवून ऐकावा लागतो.

आणि बायका? आना रोसास या इतिहासकार बाईंनी २०१४ साली पुस्तक लिहिलं ते ब्रासेरोंच्या घरच्यांवर. नवरा परक्या देशात, इथं मुलं, खर्च, पत्राची वाट आणि एकटीचे निर्णय. हे सगळं त्यांनी त्या कुटुंबांकडूनच ऐकलं.

सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के बचत म्हणून कापून मेक्सिकोच्या बँकेत पाठवत. अनेकांच्या हाती ते पडलेच नाहीत. पुढं २००५ साली मेक्सिको सरकारनं एकरकमी ३८,००० पेसो देण्याची योजना केली. ब्रासेरो हयात नसेल तर विधवेला किंवा मुलांना मागता येत होते. मात्र पुरावा हवा. त्या वेळचं करारपत्र, नाहीतर पगाराची चिठ्ठी! साठ वर्षांपूर्वीचा तो कागद कितीतरी घरांत सापडलाच नाही.