गेमची डिस्क घ्यावी की डाउनलोड?

वसई-विरारच्या गेमरसाठी डिस्कची खरेदी म्हणजे लोकलने ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोडवरची दुकानं पालथी घालणं. त्या फेरीत मजा आहेच, पण कॉम्प्युटरपुरता डिस्कचा काळ सरला.

२०१५ साली जीटीए ५ कॉम्प्युटरवर आला तो तब्बल ७ डीव्हीडींवर! एकेक घालत इन्स्टॉल करायचा, वर खोक्यातला कोड ऑनलाइन टाकायचा. कोड एकदा खात्याला जोडला की त्या डिस्क विकूनही उपयोग नाही.

कन्सोलचं गणित वेगळं. तिथे खेळून झालेली डिस्क विकता येते.

कॉम्प्युटरवर डाउनलोडच करायचं, तर स्टीम या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, २ तासांहून कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मिळतात. मात्र हाती येतो तो फक्त परवाना. गेम कायम जवळ हवा असेल, तर जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घ्या आणि इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर जपून ठेवा.